वाचकांचे प्रश्न : एकमेकांना घट्ट धरून बसलेले कार्बुरेटर

जुन्या दुचाकींच्या दुरुस्तीविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय या वेळी योगायोगाने एकच निघाला. काम अर्ध्यावर आल्यानंतर सुटायचे नाव न घेणारा कार्बुरेटर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, हा तो विषय. म्हणून बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून ही तीनच एकत्र घेतली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या दोघांच्या प्रश्नांची निम्मी उत्तरे त्यातच आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सी येथे स्थायिक आहे. मागील वर्षी शेजाऱ्याकडून १९८० सालची सुझुकी जीएस ८५० जी ही चार सिलिंडरची मोटारसायकल विकत घेतली. टाकीत पेट्रोल तसेच ठेवून ती त्याच्या गॅरेजमध्ये अकरा-बारा वर्षे उभी होती. मिकुनी कंपनीचे चारही कार्बुरेटर मी एकत्र बाहेर काढले आणि त्यांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे स्क्रू सोडवले. डावीकडचे दोन कार्बुरेटर सहज सुटे झाले, पण उजवीकडचे दोन काही केल्या वेगळे होत नाहीत. वरच्या अंगाला जेमतेम एक मिलिमीटरची फट पडते, खालच्या अंगाला काहीच हालत नाही. गंज सोडवणारे तेल दोन रात्री मुरवले, रबरी हातोडीने ठोकूनही पाहिले. आता मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटावे का? आपला सल्ला कळवावा.

उत्तर : उचकटू नका. हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि मग पुढचे वाचा. कार्बुरेटरचे अंग हे जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबाने ओतलेले असते. असे ओतकाम दाब सहन करते, पण एका कडेवर तरफ लावली की वाकण्याऐवजी तुटते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक जिथे टेकते, तिथे नेमका एखादा पट्टीचा कान किंवा पेट्रोलच्या नळीचे तोंड असते, आणि तो कान तुटल्यावर पंचेचाळीस वर्षे जुन्या कार्बुरेटरसाठी दुसरा शोधत बसण्यात जो वेळ जातो, त्याच्या पासंगालाही आजचा तुमचा खोळंबा पुरणार नाही.

तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगाची माहिती म्हणजे वर पडणारी आणि खाली न पडणारी ती एक मिलिमीटरची फट. दोन कार्बुरेटर सर्वांगाने गंजून एकजीव झाले असते, तर कुठेच फट पडली नसती. वर फट पडते याचा अर्थ वरचे सांधे मोकळे झाले आहेत आणि खालच्या बाजूची कोणती तरी एकच गोष्ट दोघांना धरून आहे. तेव्हा जोर लावण्याआधी कुठे अडकले आहे हे शोधा. हे काम ताकदीचे कमी आणि तपासाचे जास्त आहे. जोडी उलटी-पालटी करून, दाताच्या ब्रशने आणि रॉकेलने घासून स्वच्छ करा, उजेडात धरा, आणि ज्या अंगाला फट पडत नाही त्या अंगाला एका कार्बुरेटरमधून दुसऱ्यात काय काय जाते आहे ते मोजा.

या कार्बुरेटरची जुडी चार गोष्टींनी बांधलेली असते. पट्ट्या तुम्ही काढल्याच आहेत असे लिहिता, तरीही एकदा पुन्हा पाहा. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या अशाच चार सिलिंडर गाडीचे कार्बुरेटर मी तीन दिवस आधी तेलात, मग उन्हात आणि शेवटी शिव्यांत भिजवत ठेवले होते. चौथ्या दिवशी पट्टीच्या कोपऱ्यातला तेलाचा काळा थर नखाने खरवडला, तर खाली एका स्क्रूचे डोके दिसले. ते अर्ध्या मिनिटात निघाले आणि कार्बुरेटर आपसूक हातात आले. तेव्हापासून मी काढलेले स्क्रू पुठ्ठ्यावर पट्टीचे चित्र काढून, ज्याच्या त्याच्या जागी भोक पाडून खोचून ठेवतो. रिकामे राहिलेले भोक लगेच दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे चोकचा दांडा. तुमच्या गाडीवरच्या बीएस ३२ जातीच्या मिकुनीत चोक म्हणजे हवा अडवणारी पाकळी नसून पेट्रोलची जादा वाट उघडणारा एक छोटा दट्ट्या प्रत्येक कार्बुरेटरमध्ये असतो, आणि चारही दट्ट्यांना उचलणाऱ्या चिमट्या एकाच लांब दांड्यावर बारीक स्क्रूने आवळलेल्या असतात. हा दांडा चारही अंगांतून आरपार जातो. तुमचे डावे दोन सुटले असतील, तर त्यांच्यापुरता दांडा बाहेर सरकला आहे; उजव्या दोघांत तो अजून बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे. या स्क्रूंचे टोक दांड्यावर कोरलेल्या खळग्यात उतरलेले असते, त्यामुळे एक-दोन फेरे सैल केल्याने दांडा सुटत नाही. स्क्रू जवळजवळ बाहेर येईपर्यंत मागे घ्यावा लागतो. मग दांडा सरळ एका बाजूला ओढायचा. अडखळला तर पकडीने खेचण्याआधी दोन बोटांत धरून मागे-पुढे फिरवून पाहा, कारण दांड्याच्या पृष्ठभागावर पकडीचे दात उमटले तर ते व्रण पुढच्या भोकातून जाताना अडतील. काही जुड्यांत या दांड्याखाली एक लहान पोलादी गोळी आणि तिची स्प्रिंग दडलेली असते, जिच्यामुळे चोक ओढल्यावर ‘टक’ असा आवाज होऊन तो जागी थांबतो. दांडा निघताच ती गोळी उडून फरशीच्या फटीत जाते. कार्बुरेटरवर एक जुना पंचा टाकून त्याखाली हात घालून काम केले, तर गोळी पंचातच राहते.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन कार्बुरेटरच्या मध्ये बसलेल्या टी आकाराच्या नळ्या : एक पेट्रोलची, एक फ्लोटच्या वाटीत, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या तळच्या कप्प्यात, हवा येऊ देणारी. हवेची नळी सहसा वर असते आणि कोरडी असते, म्हणून ती सुटली असावी. पेट्रोलची नळी खाली असते, आणि माझा संशय तिच्यावर सर्वांत जास्त आहे. तिच्या दोन्ही टोकांना खाच असते आणि खाचेत ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी गोल रबरी कडी. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. बारा वर्षे साचून राहिलेल्या अशा पेट्रोलमध्ये ओ-रिंग आधी फुगते, मग पेट्रोल उडून गेल्यावर आकसून बांगडीसारखी कडक होते; तिच्याभोवती पेट्रोलचा तपकिरी डिंक जमतो, आणि पाण्याच्या अंशामुळे भोकाच्या भिंतीवर चुन्यासारखी पांढरी भुकटी धरते. डिंक आणि भुकटी मिळून नळीला अशी पकडतात की ती गंजली आहे असे वाटावे. प्रत्यक्षात हा गंज नव्हे, आणि म्हणूनच गंज सोडवणारे तेल त्यावर फारसे चालत नाही.

यावर उतारा म्हणजे उकळते पाणी. आधी फ्लोटच्या वाट्या उघडून उरलेले पेट्रोल पूर्ण निपटून घ्या आणि कार्बुरेटर उघड्या हवेत एक दिवस वाळू द्या. वरची झाकणे उघडून रबरी पडदे, म्हणजे डायफ्राम, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या स्लाईड, म्हणजे वर-खाली सरकणारे दट्टे, काढून ठेवा. पडद्यांना ना उष्णता मानवते, ना स्प्रेच्या डब्यातले क्लीनर. मग जोडी एका पातेल्यात उभी धरून अडकलेल्या सांध्यावर किटलीतून उकळते पाणी सावकाश ओता, मिनिटभर थांबा, पुन्हा ओता. डिंक मऊ होतो आणि ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे भोक आत बसलेल्या पितळी नळीपेक्षा किंचित जास्त फुलते. एका अंशाला एक मीटरमागे ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन वाढते, पितळ सुमारे १९ आणि पोलाद सुमारे १२. आपली नळी एक सेंटिमीटरही जाड नसते, तेव्हा उकळत्या पाण्यानेही हा फरक फार तर दोन-तीन मायक्रॉनचाच पडतो. पण भुकटीच्या थराला तडा जायला कित्येकदा तेवढा पुरतो. नळी प्लास्टिकची असेल तर ती धातूपेक्षा जास्त फुलते, म्हणून तिथे पाणी ओतून झाल्यावर अंग कोमट होऊ द्या आणि मगच ओढा. ज्योत मात्र कधीही वापरू नका. पेट्रोलचा वास ज्या वस्तूला आहे तिच्याजवळ ज्योत न्यायची नाही हे तर झालेच. शिवाय कार्बुरेटरसाठी वापरले जाणारे जस्ताचे मिश्रधातू ३८० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळू लागतात, आणि गॅसच्या बत्तीला तेवढे तापमान गाठायला फार वेळ लागत नाही.

ओढण्याचीही एक रीत आहे. दोन्ही अंगांना दोन्ही हातांच्या तळव्यांत धरायचे, अंगठे सांध्यावर ठेवायचे आणि सरळ रेषेत ताण देत अगदी दोन-तीन अंशांइतकेच डोलवायचे. तुम्ही वरची फट वाढवत नेली, तर नळी भोकात तिरपी होते आणि आणखी आवळते. म्हणून आधी वरची फट मिटवून दोन्ही अंगे समांतर करा, मग ओढा. हाताने होत नसेल, तर सारख्या जाडीच्या दोन लाकडी पाचरी समोरासमोर घालून आळीपाळीने एकेक टिचकी मारा. पाचर लाकडाचीच हवी, म्हणजे काही तुटायचेच असेल तर ती तुटेल.

चौथी गोष्ट, ॲक्सिलरेटरच्या पाकळ्यांची जोडणी, सहसा अडकत नाही, पण हरवते. शेजारच्या दोन पाकळ्यांच्या दांड्यांमध्ये बारीक स्प्रिंग आणि समायोजनाचा स्क्रू असतो, आणि कार्बुरेटर सुटताच स्प्रिंग कुठून कुठे लागली होती हे विसरायला होते. सोडवण्यापूर्वी तिन्ही बाजूंनी छायाचित्रे काढा आणि अंगांवर क्रमांक टाका. चार सिलिंडरच्या जपानी गाड्यांत गाडीवर बसणाऱ्याच्या डाव्या हाताचा कार्बुरेटर पहिला धरतात. पाकळ्यांचे स्क्रू मात्र उगाच खोलू नका. त्यांची टोके कारखान्यातच मागून ठोकून पसरवलेली असतात, जेणेकरून ते सैल होऊन इंजिनात पडू नयेत. ते बळेच फिरवले तर पितळी दांड्यातले आटे जातात. दांड्याची सीलच बदलायची असेल तर पसरलेले टोक कानशीने घासून स्क्रू काढावेत आणि परत बसवताना नवे स्क्रू आणि लॉकटाइट, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव, वापरावे.

आता एक प्रश्न मीच विचारतो, आणि खरे तर तो तुम्ही काम सुरू करण्याआधी विचारायला हवा होता : चौघांना वेगळे करण्याची गरज होती का? जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे भाग, काढणे, फ्लोटची उंची लावणे, पडदे पाहणे, आतल्या वाटा हवेने साफ करणे ही सगळी कामे जुडी न सोडवता होतात. वेगळे करावे लागते ते टी-नळ्यांतून पेट्रोल गळत असेल तर, पाकळीच्या दांड्याच्या सीलमधून हवा ओढली जात असेल तर, किंवा अंगे रसायनात बुडवायची असतील तर. तुमच्या गाडीत निदान बारा वर्षांच्या ओ-रिंग आहेत, तेव्हा वेगळे करण्याचा तुमचा निर्णय चुकीचा नव्हता; पण केवळ हौसेखातर जुडी सोडणाऱ्यांची पत्रेही आमच्याकडे नेहमी येतात, म्हणून हे लिहिले.

वेगळे केले की प्रत्येक ओ-रिंग नवी घाला, चांगली दिसत असली तरी. माप घेताना जुनी ओ-रिंग मोजू नका, ती फुगलेली किंवा आकसलेली आहे. खाचेची रुंदी, खाचेचा व्यास आणि भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजून दुकानदाराला सांगा आणि व्हायटनची मागा, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ते रबर साध्या नायट्राइलपेक्षा जास्त टिकते. भोकातली पांढरी भुकटी बारीक स्कॉच-ब्राइटने काढा, ओ-रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावा आणि नळी फिरवत बसवा. पट्ट्यांचे सगळे स्क्रू आधी नुसते टेकवा, मग चौघांची इंजिनाकडची तोंडे जाड काचेवर पालथी ठेवून काच सर्वत्र टेकते आहे याची खात्री झाल्यावरच आवळा. हे केले नाही तर एखादा कार्बुरेटर अर्ध्या मिलिमीटरने तिरका बसतो, आणि पाकळ्यांचा दांडा जड फिरू लागतो. शेवटी ॲक्सिलरेटरची पाकळी पूर्ण उघडून सोडून पाहा. ती ‘खट्’ असा आवाज करत बंद झाली पाहिजे. सावकाश परतली तर पट्ट्या पुन्हा सैल करून काचेवर ठेवा. व्हॅक्यूम गेज लावून चौघांचा मेळ घालणे हे गाडीवर चढवल्यानंतरचे काम आहे, ते टाळता येणार नाही.

प्रश्न : महोदय, मी नाशिकला स्वतःचे छोटे गॅरेज चालवतो. एका संग्राहकाच्या जुन्या होंडा सीबी ७५० चे कार्बुरेटर माझ्याकडे आले आहेत. ते वेगळे करायला घेतले तर पट्टीच्या स्क्रूची फुली पहिल्याच झटक्यात मरते. दोन स्क्रू असे खराब झाले आहेत. चांगल्या कंपनीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर वापरूनही असे का होते?

उत्तर : स्क्रू ड्रायव्हर चांगला असेल, पण तो या स्क्रूचा नाही. आपल्या बाजारात ज्याला आपण स्टार म्हणतो तो फिलिप्स पद्धतीचा असतो, आणि जपानी गाड्यांवरची फुली जपानी मानकाची, म्हणजे जेआयएस असते. दिसायला दोन्ही सारख्याच. पण फिलिप्सचे टोक जपानी फुलीच्या तळाशी आधी टेकते, कडा पूर्ण बसत नाहीत, आणि जोर वाढला की ते उसळून वर येते. वर येताना कडा खरवडून नेते. जपानी फुलीच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो, तो पाहून ओळखता येते. वेसलसारख्या जपानी कंपन्यांचे ड्रायव्हर मागवून घ्या; ते नाही मिळाले तर एका फिलिप्सचे अणकुचीदार टोक अर्धा-एक मिलिमीटर घासून बोथट करा, म्हणजे कडा खोलवर बसतील. फुलीत व्हॉल्व्ह घासायच्या ग्राइंडिंग पेस्टचा टिपका लावला तर पकड आणखी वाढते.

स्क्रू कारखान्यात लॉक, म्हणजे लॉकटाइटसारखा चिकट द्रव, लावून बसवलेले असू शकतात. अशा वेळी तापलेले सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर दोन मिनिटे टेकवून ठेवावे. उष्णता थेट स्क्रूत जाते, ओतकामाला फारशी झळ लागत नाही आणि लॉक मऊ होते. पेट्रोल पूर्ण वाळलेले असण्याची अट इथेही आहेच. मग आधी स्क्रू किंचित आवळण्याच्या दिशेने ढकलायचा आणि नंतर सोडवण्याच्या. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीच्या घावाने फिरणारा ड्रायव्हर, वापरायचाच असेल तर स्क्रूच्या बरोबर खाली लाकडी ठोकळ्याचा आधार हवा आणि हातोडी लहान हवी. अधांतरी धरलेल्या जुडीवर इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

जे दोन मेले आहेत त्यांच्या डोक्यावर पातळ आरीने एक आडवी खाच पाडून सपाट स्क्रू ड्रायव्हर लावून पाहा. तेही साधले नाही, तर स्क्रूच्या दांड्याच्या जाडीइतक्या ड्रिलने फक्त डोके उडवा. डोके गेले की पट्टी वर उचलता येते, पट्टीचा ताण संपतो आणि उरलेला दांडा गॅस-पकडीत धरला की बहुधा सहज फिरतो. परत बसवताना ॲलन डोक्याचे स्क्रू घातले तरी हरकत नाही. मात्र ते स्टेनलेसचे असतील तर आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे वंगण, लावा, नाहीतर पुढच्या वेळी हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल.

प्रश्न : नमस्कार. मी कोल्हापूरची आहे. वडिलांची १९८५ सालची राजदूत ३५० पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न माझा भाऊ आणि मी करत आहोत. डावा कार्बुरेटर इंजिनाच्या रबरातून निघतच नाही, आणि त्याची स्लाईडही तळाशी चिकटली आहे. ओळखीचे मिस्त्रीकाका म्हणतात, तो लिंबाच्या रसात रात्रभर बुडवा. दोन्ही कार्बुरेटर नवेच घ्यावेत असेही काहीजण सुचवतात. आपले मत काय?

उत्तर : तुमचे काम पहिल्या दोघांपेक्षा सोपे आहे. यामाहा आरडी ३५० च्या आराखड्यावर एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेल्या या ३४७ सीसीच्या गाडीत दोन कार्बुरेटर असले तरी ते पट्टीने बांधलेले नसतात. दोघांमध्ये फक्त चोकची जोडणी असते. ती आधी काढा. नाहीतर डावा ओढताना उजव्यावर ताण येतो आणि दोघेही अडकल्यासारखे वाटतात.

रबर सुटत नाही ते चाळीस वर्षांत कडक होऊन कार्बुरेटरच्या गळ्याला चिकटल्यामुळे. क्लॅम्प नुसती सैल करू नका, पूर्ण काढून टाका. गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके रबराभोवती गुंडाळून पाच-सात मिनिटे ठेवा, दोन-तीनदा बदला, आणि मग ओढण्याऐवजी कार्बुरेटर डावी-उजवीकडे फिरवा. एकदा फिरला की तो सुटलाच. रबर आणि गळा यांच्यामध्ये काही घालायचेच झाले तर स्क्रू ड्रायव्हर नव्हे, आइस्क्रीमची काडी साबणाच्या पाण्यात बुडवून घाला. बाहेर आलेले रबर वाकवून पाहा. आतून भेगा असतील तर तेच परत लावू नका. टू-स्ट्रोक इंजिनात भेगेतून शिरलेली हवा मिश्रण पातळ करते, आणि त्याची किंमत पिस्टन मोजतो.

स्लाईडसाठी वरचे झाकण फिरवून काढा, स्प्रिंग दाबून केबलचे टोक स्लाईडमधून सोडवा आणि कार्बुरेटर बाकावर घ्या. स्लाईडला पकडीने धरून पिळू नका. तिच्या बाजूला उभी खाच असते आणि अंगातली एक पिन त्या खाचेत बसलेली असते, त्यामुळे स्लाईड फिरू शकत नाही. पिळलीत तर पिन तुटेल. फ्लोटची वाटी काढून, रबरी भाग वेगळे करून कार्बुरेटर क्लीनरमध्ये किंवा थिनरमध्ये रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी धुऊन, वाळवून, उकळते पाणी ओता आणि गळ्यातून बांबूची गुळगुळीत काडी घालून स्लाईडच्या खालच्या कडेला वरच्या दिशेने हलके टोचा, एकदा या बाजूने, एकदा त्या. मधोमध लोंबणाऱ्या सुईला धक्का लागू देऊ नका. माझ्या अनुभवात पहिली हालचाल केसाएवढी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, पण काडीखाली ‘कट’ असे जाणवते. तेवढे झाले की पुन्हा क्लीनर सोडा, पुन्हा वाट पाहा. एका दमात वर आणण्याचा हट्ट करू नका.

मिस्त्रीकाकांच्या लिंबाबद्दल सांगायचे तर, लिंबाचा रस पांढरी भुकटी खातो हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण आम्ल तिथेच थांबत नाही, भुकटी संपली की ते खालचे जस्तही खाऊ लागते. रात्रभर ठेवलेला कार्बुरेटर सकाळी काळवंडलेला आणि खरखरीत निघतो, आणि स्लाईडच्या भोकाची गुळगुळीत भिंत एकदा गेली की ती परत मिळत नाही. फ्लोटच्या वाटीच्या तळाशी भुकटीचा जाड थर असेल तर तिथे पाच मिनिटे लिंबू चोळून लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. यापलीकडे नको. पॉलिश पेपरलाही स्लाईडजवळ येऊ देऊ नका. स्लाईड आणि भोक यांच्यातली जागा वाढली की गाडी संथ चालीवर कधीच ठरणार नाही.

नवे कार्बुरेटर घ्यायचे की नाही, हे स्लाईड बाहेर आल्यावर ठरवा. ती स्वच्छ पुसून, कोरडी, तिच्या भोकात टाका, खाच पिनेवर नीट बसवून. ती स्वतःच्या वजनाने सावकाश, न अडखळता तळाला गेली, आणि वरून बोट लावून हलवल्यावर खडखडली नाही, तर अंग चांगले आहे. जेट, फ्लोटची सुई आणि पॅकिंग नवे घाला. भोकात नखाला लागतील असे उभे ओरखडे असतील तर मात्र तो कार्बुरेटर सोडून द्या. उजवा सुस्थितीत असेल तर एकच बदलता येतो, पण स्लाईडच्या कापाचा क्रमांक आणि जेटचे क्रमांक दोन्हीकडे सारखेच हवेत. हे क्रमांक त्या त्या भागावर ठोकलेले असतात. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहिली तर वाटीत पाणी साचायला वेळ लागत नाही. जूनमध्ये गाडी झाकून ठेवण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून दोन्ही वाट्या रिकाम्या करा. बिघडलेला डावा होता म्हणून उजव्याची वाटी विसरू नका.